घोडीवरचा नाद जपणारे खाँसाहेब

कोल्हापूर, प्रतिनिधी – गिटारच्या घोडीखाली पिझो पिकअप बसवला की आवाज वाढतो. मात्र लाकडी पोकळीत घुमणारा नाद हरवतो. तारेच्या अस्सल नादाचा असाच ध्यास कोल्हापूरशेजारच्या मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी घेतला होता. १८७२ मध्ये कैराना येथे जन्मलेले खाँसाहेब बडोदा दरबार सोडून पुढे मिरजेत स्थिरावले. घोडी घासून, तारेखालचा दोरा सरकवून ते तंबोऱ्याची जवारी स्वतः लावत. कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिसंशोधनालाही त्यांच्या सुरांची साथ लाभली. १९३७ मध्ये प्रवासातच त्यांचे निधन झाले; मिरजेच्या दर्ग्यात ते चिरविश्रांती घेत आहेत. ध्वनिवर्धकाआधी घोडी पाहावी, हा त्यांच्या साधनेचा धडा गिटारवादकांनाही उपयोगी पडावा.