इब्राहिम आदिलशहा : तंबोऱ्याला नाव देणारा सुलतान



सहलीला विजापूरला (२०१४ पासूनचे अधिकृत नाव विजयपुर) जाऊन आल्यावर तुम्ही सर्वजण गोलघुमटाचे वर्णन करता. घुमटाखाली दिलेली हाक कशी परत ऐकू येते, हे प्रत्येकाने घरी सांगितलेलेच असते. पण त्याच गावाच्या पश्चिमेला इब्राहिम रोजा नावाची एक नाजूक, कोरीव इमारत आहे. तेथे जो सुलतान चिरविश्रांती घेत आहे, त्याची आज ओळख करून घेऊ.

विजयनगरच्या पाडावानंतर, १५७३ च्या सुमारास, अली आदिलशहाने धारवाड आणि बंकापूर जिंकून घेतले. तेव्हापासून आपला हा मुलूख विजापूरच्या राज्यात गेला. १५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याला मूल नव्हते, म्हणून त्याचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला. तेव्हा त्याचे वय होते अवघे नऊ वर्षे! म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाएवढे.

लहान राजा म्हटले की सत्तेसाठी ओढाताण आलीच. अलीची विधवा चांदबिबी हिने इब्राहिमचा सांभाळ केला आणि दरबारही पाहिला. परंतु किश्वरखान नावाच्या सरदाराने तिलाच सातारच्या किल्ल्यात कैदेत टाकले. पुढे तिची सुटका झाली. त्यानंतर दिलावरखानाने सुमारे आठ वर्षे सारा कारभार आपल्या मुठीत ठेवला. राजा नावाचाच राजा होता. अखेर १५९० मध्ये, विशीच्या आसपास असलेल्या इब्राहिमने दिलावरखानाला दूर करून राज्य स्वतःच्या हाती घेतले.

असे बालपण गेलेला माणूस संशयी आणि कठोर झाला असता तर नवल नव्हते. इब्राहिमचे मन मात्र गाण्यात रमले. तो स्वतः वीणा, तंबोरा वाजवी आणि पदे रची. त्याच्या पदांचा संग्रह म्हणजे 'किताब-ए-नवरस'. ही पदे दखनी भाषेत असून ती कोणत्या रागात गावीत हेही त्यात दिलेले आहे. त्यात त्याने सरस्वतीला आई व गणपतीला पिता मानले आहे आणि गुलबर्ग्याचे संत ख्वाजा बंदेनवाज यांनाही वंदन केले आहे. आपल्या आवडत्या तंबोऱ्याचे नाव त्याने 'मोतीखान' ठेवले होते, तर लाडक्या हत्तीचे 'आतशखान'. लोक त्याला 'जगद्गुरू' म्हणत.

नवरस हा शब्द त्याला इतका प्रिय की १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेस त्याने 'नवरसपूर' हे नवे शहर वसवायला घेतले. त्याच्या दरबारात इराणहून आलेला कवी जुहुरी होता, इतिहासकार फिरिश्ता होता आणि चित्रकार फारुख बेगही होता. अकबर बादशहाचा वकील असद बेग १६०३-०४ च्या सुमारास विजापूरला आला होता. जवाहीर, कापड, अत्तरे यांनी भरलेला तिथला बाजार पाहून तो थक्क झाला. सुलतान संगीतात इतका दंग असे की बोलण्याकडे त्याचे लक्ष नसे, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

राज्य केवळ गाण्यावर चालत नाही. परगण्यात देसाई, देशपांडे, नाडगौडा आणि गावात पाटील, कुलकर्णी हे वसुलीचे व हिशेबाचे काम पाहत. इब्राहिमच्या आजोबांनी, म्हणजे पहिल्या इब्राहिमने, महसुलाचे हिशेब फारसीऐवजी लोकांच्या भाषेत ठेवायला सुरुवात केली होती. त्यामुळे मराठी लिहिणाऱ्यांना दरबारात मोठे स्थान मिळाले. विजापूर दरबाराचे फारसी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील कागद आजही पाहायला मिळतात. आपण रोज वापरतो ते दप्तर, हजेरी, कागद, शाई, अर्ज हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले, ते अशा कारभाराच्या काळातच रुळले.

मित्रांनो, थोरांची चरित्रे वाचताना त्यांची दुसरी बाजूही पाहावी. बेळगावच्या किल्ल्यात ठेवलेला त्याचा सख्खा भाऊ इस्माइल १५९४ च्या सुमारास बंड करून उठला. इब्राहिमने ते बंड मोडून काढले आणि भावाला दया मिळाली नाही. १६१९ मध्ये त्याने बीदरचे राज्य गिळंकृत केले. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईनंतर मलिक अंबर विजापूरवर चालून आला, तेव्हा हौसेने वसवलेले नवरसपूर उद्ध्वस्त झाले. पंचवीस वर्षांचे स्वप्न डोळ्यांदेखत धुळीला मिळाले. तीनच वर्षांनी, १६२७ मध्ये, इब्राहिम वारला. पुढे १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आदिलशाहीही संपली.

मग उरले काय? नवरसपुरात आज पडक्या भिंती आहेत. बीदर जिंकल्याची आठवण इतिहासाच्या पुस्तकापुरती आहे. पण त्याची पदे उरली, मलिक संदल याच्या देखरेखीखाली उभा राहिलेला रोजा उरला, आणि दप्तरातले शब्द तर आपल्या तोंडी आहेत.

आपण घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो आणि शेजारच्या मित्राकडून उर्दू ऐकतो. कधी कधी कोणी विचारते, तुमची खरी भाषा कोणती? अशा वेळी गोंधळून जाण्याचे कारण नाही. चारशे वर्षांपूर्वी याच मुलखाच्या एका राजाने फारसी दरबारात बसून दखनीत सरस्वतीची पदे रचली. दुसऱ्याची भाषा शिकल्याने आपली भाषा कमी होत नाही, हे त्याच्या चरित्रातून सहज समजते.

पुढच्या सहलीत गोलघुमट जरूर पाहा, पण गुरुजींना आग्रह करून इब्राहिम रोजालाही जा. तेथे आवाज घुमत नाही. थोडा वेळ शांत बसा आणि भिंतींवरची कोरीव अक्षरे पाहा.