स्किनर : सवयींचा शोध घेणारा माणूस



डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी स्किनरची पेटी पाठ केली होती. उंदीर, दांडी, अन्नाची गोळी, साधक अभिसंधान. परीक्षेत टीप लिहिली आणि विसरलो. पण घराघरांत मुलांच्या हातातला मोबाईल बघितला की वाटतं, हा माणूस पुन्हा वाचायला हवा.

बी. एफ. स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सस्क्वेहाना या छोट्या गावी झाला. वडील वकील. पोराला मात्र यंत्रं जोडायचा नाद! पायजमा खुंटीला अडकवायला तो विसरायचा आणि आई बोलायची. मग त्याने खुंटीला दोरी बांधून एक पाटीच टांगली. पायजमा अडकवला नाही की पाटी दारात लोंबायची, अडकवला की वर जायची. यंत्राने माणसाची सवय बदलते, याचा त्यांचा हा पहिला प्रयोग म्हणा ना!

कॉलेजात त्यांचा विषय होता इंग्रजी साहित्य. लेखक व्हायचं होतं, पण जमलं नाही. मग ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९३१ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्यांचा एक मोठा शोध टंचाईतून लागला. उंदरांसाठीच्या गोळ्या ते स्वतः बनवत. एका शनिवारी गोळ्या संपत आल्या. म्हणून त्यांनी दर वेळी गोळी न देता मिनिटातून एकदाच द्यायचं ठरवलं. उंदीर दांडी दाबतच राहिले! पुढे कळलं, की अधूनमधून बक्षीस मिळालेला प्राणी बक्षीस पूर्ण बंद झालं तरी लवकर थांबत नाही. आणि बक्षीस कितव्या वेळी मिळेल याचा नेमच नसला, तर तो सर्वात चिकाटीने दाबत राहतो. जुगारी उठत नाही तो याच कारणाने, हे स्किनर यांनीच दाखवून दिलं.

आता मोबाईल आठवा. दहा व्हिडिओ रटाळ, अकरावा मजेदार. कधी लाईक येतो, कधी नाही. बोट सरकतच राहतं. स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधी, १८ ऑगस्ट १९९० रोजी स्किनर गेले. पण ही दांडी त्यांच्या ओळखीचीच होती.

त्यांनी स्वतः मात्र हे तत्त्व वर्गासाठी वापरायचं ठरवलं. १९५३ साली ते मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलं गणितं संपवून रिकामी बसलेली, काही अडलेली, आणि उत्तर बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. त्यांनी अध्यापन यंत्र बनवलं. छोटी पायरी, लगेच पडताळा, प्रत्येकाचा आपला वेग. आपण शिकलो ते क्रमान्वित अध्ययन यातूनच वाढलं. शिक्षेवर त्यांचा विश्वास नव्हता. शिक्षेने वागणं दबतं, नवं काही शिकलं जात नाही, असं ते मानत.

त्यांच्यावर टीकाही खूप झाली. माणसाचं मन, भाषा, विचार बक्षिसांच्या हिशोबात बसत नाही, असं अनेकांनी ठामपणे मांडलं. ते पटण्यासारखंच आहे. मूल म्हणजे उंदीर नव्हे.

तरी एक गोष्ट घरी नक्की तपासून बघा. मूल मोबाईलसाठी रडतं. आपण चार दिवस नाही म्हणतो, पाचव्या दिवशी पाहुणे आलेत म्हणून देऊन टाकतो. आपल्याला वाटतं, एकदाच तर दिला. पण मूल शिकतं ते हे, की रडत राहिलं की कधीतरी मिळतो. म्हणजे गोळी देणारे आपणच! त्यापेक्षा वेळ ठरवा, त्या वेळी न मागता द्या आणि एरवी रडलं तरी देऊ नका. सुरुवातीला रडणं वाढेल. तेव्हा आजी-आजोबांसकट घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायला हवं.

आणि शिक्षकहो, वहीवरची बरोबरची खूण परवा देण्यापेक्षा, जमेल तेवढी आज, मुलासमोरच करूया.