दौडीचे धनी : थोरले बाजीराव

अल ऐनहून अबू धाबीच्या रस्त्याला लागले की वाळूच्या टेकड्या हळूहळू सपाट होत जातात आणि शहराच्या अलीकडे अल वथबा लागते. हिवाळ्यात येथील एन्ड्युरन्स व्हिलेजमध्ये दीर्घ पल्ल्याच्या घोडदौडीच्या शर्यती भरतात. मोठ्या शर्यतीचा पल्ला एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंत असतो. पहाटेच्या गारव्यात घोडी सुटतात आणि गाड्यांचा तांडा त्यांच्या बाजूने धावू लागतो. भारतीय उपखंडातून आलेले मोतद्दार धावत्या घोड्यांच्या मानेवर पाणी ओतत राहतात.

ही शर्यत पहिल्यांदा पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात ते मधले थांबे. दर टप्प्याला पशुवैद्य घोड्याची नाडी पाहतो. ठराविक मिनिटांच्या आत ती सामान्यतः ६४ ठोक्यांवर उतरावी लागते. मग घोड्याला दुडक्या चालीने चालवून तो लंगडत नाही ना, हे तपासतात. नाडी उतरेपर्यंतचा वेळ त्या टप्प्याच्या हिशेबात धरला जातो. त्यामुळे शेवटच्या मैलात घोडा पिटाळणारा स्वार थांब्यावर मागे पडतो आणि वेळीच लगाम आवरणारा पुढे निघतो. शेवटची रेषा प्रथम ओलांडली, पण घोडा तपासणीत उतरला नाही, तर तो स्वार बाद होतो. घोड्यांच्या हालांवरून जगभर टीका होत गेली, तसतसे हे नियम अधिक कडक झाले.

मराठी मनाला येथे एका स्वाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. दख्खनच्या घोड्यांत अरबी रक्त मिसळले आहे. शतकानुशतके आखातातील बंदरांतून घोडी गलबतांवर चढत आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरत. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू हे अशाच संकरातून घडले, असे मानतात. दिसायला लहान, खायला थोडके आणि चालायला चिवट अशा या जनावरांच्या पाठीवरून अठराव्या शतकातील मराठी फौज नर्मदेपार गेली. त्या फौजेचे सर्वांत वेगवान सेनापती म्हणजे थोरले बाजीराव पेशवे.

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी सिन्नरजवळच्या डुबेरे येथे झाला. वडील बाळाजी विश्वनाथ, आई राधाबाई. वडिलांच्या मोहिमांबरोबर फिरतच त्यांचे शिक्षण झाले. १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीच्या साह्यास फौज घेऊन दिल्लीस गेले, तेव्हा तरुण बाजीराव बरोबर होते. त्या मोहिमेत मराठ्यांना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि दिल्लीच्या रस्त्यांवरील दंग्यात अनेक मराठी शिपाई मारलेही गेले. बादशाही आतून किती पोकळ झाली आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

एप्रिल १७२० मध्ये वडिलांचे निधन झाले आणि शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे त्यांना दिली. वय अवघे एकोणीस. दरबारातील जुन्या मानकऱ्यांना ही निवड रुचली नाही. बाजीरावांनी आपला भार नव्या माणसांवर टाकला. धनगर कुळातून आलेले मल्हारराव होळकर, कण्हेरखेडचे राणोजी शिंदे आणि उदाजी पवार यांच्या पुढील पिढ्यांनी इंदूर, ग्वाल्हेर आणि धार येथे राज्ये केली. या साऱ्यांची पारख घोड्याच्या पाठीवरच झाली होती.

त्यांच्या युद्धपद्धतीचे मर्म त्यांनी मागे काय ठेवले, यात शोधावे लागते. मोगली फौज निघाली की तिच्याबरोबर जड तोफा, हत्ती, जनानखाना, बाजार आणि बुणगे निघत. तोफेचा बैल जेवढा चालेल तेवढीच फौज चालणार. बाजीरावांची स्वारी निघे ती सड्या घोड्यांनिशी. वैरण आणि धान्य वाटेतच मिळवायचे, मुक्काम पाणी पाहून करायचा आणि पहाटे पुन्हा निघायचे. निजामाने त्यांचे चित्र काढण्यास चितारी पाठवला, तेव्हा घोड्यावर लगाम सैल सोडून, खांद्यावर भाला टाकून, हातावर जोंधळ्याची कणसे चोळून खात चाललेला स्वार त्याने रेखाटला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यात त्या फौजेचा सारा सरंजाम आला आहे.

या पद्धतीची मोठी कसोटी १७२७-२८ मध्ये लागली. निजाम-उल-मुल्काने शाहूंची चौथाई अडवली आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेतला. पावसाळा संपताच बाजीराव निघाले. जालन्याचा प्रदेश लुटून ते वऱ्हाडाकडे वळले, बुऱ्हाणपुरावर जाण्याची हूल दिली आणि खानदेशातून गुजरातेत उतरले. पाठलाग करणारा निजाम प्रत्येक वेळी उशिरा पोहोचत होता. अखेर कंटाळून त्याने पुण्याकडे मोर्चा वळवला आणि पुणे घेतले. आपले घर शत्रूच्या हाती पडल्यावर कोणीही सेनापती धावत परत फिरला असता. बाजीराव औरंगाबादेच्या रोखाने निघाले. आपली राजधानीच धोक्यात आल्याचे पाहून निजामास पुणे सोडणे भाग पडले आणि वेगासाठी जड तोफा मागे टाकाव्या लागल्या. ज्या खेळात बाजीराव पारंगत होते, त्याच खेळात तो ओढला गेला. वैजापूरजवळ पालखेड येथे, पाण्याचा तुटवडा असलेल्या मुलखात, २८ फेब्रुवारी १७२८ रोजी मराठ्यांनी त्याला कोंडले. मोठी लढाई न होताच ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल माँटगोमरी यांनी युद्धाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेचा गौरवाने उल्लेख केला आहे.

पुढचे दशक असेच खोगिरावर गेले. १७२९ मध्ये वृद्ध छत्रसालांच्या हाकेला ओ देऊन ते बुंदेलखंडात पोहोचले आणि जैतपूर येथे महंमदखान बंगशाला त्यांनी कोंडीत पकडले. मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली ती या बुंदेली संबंधातून. १७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि दोन वर्षांत वाडा उभा राहिला, पण मोहिमांमुळे त्यात स्वस्थ राहणे त्यांना क्वचितच लाभले. १७३१ मध्ये डभोई येथे सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्याशी लढावे लागले. आपल्याच माणसांविरुद्धचे ते युद्ध होते.

मार्च १७३७ ची दिल्लीची दौड मात्र सर्वांहून वेगळी. यमुनापार गेलेल्या मल्हाररावांच्या तुकडीला सादतखानाने मागे रेटले आणि मराठ्यांना आपण पळवून लावले, असे बादशहाला कळवले. मोगलांच्या मोठ्या फौजा तेव्हा आग्रा-मथुरेच्या बाजूला होत्या. बाजीरावांनी त्यांना बगल दिली, राजरस्ता सोडला आणि जाट व मेवाती मुलखातून दिवसाला सुमारे ४० मैलांच्या मजला मारीत मार्चअखेरीस दिल्लीच्या वेशीवर कालिकेच्या देवळाजवळ ते प्रकटले. ४० मैल म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर. अल वथबाच्या १६० किलोमीटरांपुढे हा आकडा लहान वाटेल. पण येथे आखलेली सपाट वाट असते, पाण्याच्या गाड्या असतात आणि उद्या विश्रांती असते. तेथे हजारो घोडी होती, अनोळखी मुलूख होता, आजूबाजूला शत्रू होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच चालायचे होते. घोडा टिकवून चालल्याखेरीज अशी दौड होत नाही.

दिल्ली समोर असूनही त्यांनी ती लुटली नाही. राजधानी जाळल्याने राजकारणाचा धागा तुटेल, हा विचार चिमाजी अप्पांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रातून दिसतो. चालून आलेल्या तुकडीचा त्यांनी पराभव केला आणि मोगली फौजा परतण्याआधी ते निघूनही गेले. बादशहाने निजामाला साह्यास बोलावले. त्याच वर्षाच्या अखेरीस भोपाळ येथे निजाम पुन्हा वेढला गेला आणि जानेवारी १७३८ मध्ये माळवा सोडण्याचे त्याने मान्य केले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. दोघा भावांच्या कर्तृत्वाचा तो कळस होता.

या यशाखाली मात्र बरेच काही झिजत होते. मोहिमांनी कर्जाचा डोंगर वाढवला होता. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने गांजलेले बाजीराव भेटतात. मस्तानीला पुण्यातील ब्राह्मणसमाजाने आणि घरच्यांनीही स्वीकारले नाही. बाजीराव नासिरजंगाविरुद्धच्या मोहिमेवर असताना तिला पुण्यात अटकेत ठेवण्यात आले. राधाबाई, काशीबाई आणि प्रिय धाकटा भाऊ एका बाजूला, मस्तानी आणि लहानगा समशेर दुसऱ्या बाजूला, असा तो ताण होता. त्याचा निकाल तलवारीने लागण्यासारखा नव्हता.

१७४० च्या आरंभी नासिरजंगाशी तह झाला. तहात मिळालेल्या खरगोन आणि हंडिया परगण्यांची व्यवस्था लावण्यास बाजीराव उत्तरेकडे गेले. घरी परतण्याऐवजी पुन्हा मुक्काम, पुन्हा तंबू. नर्मदाकाठच्या रावेरखेडी येथे त्यांना ताप आला आणि २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचे निधन झाले. वय चाळीसही नव्हते. थोड्याच काळात मस्तानीही गेली. त्याच वर्षी डिसेंबरात चिमाजी अप्पा गेले.

वीस वर्षांच्या पेशवाईत त्यांनी एकही मोठी लढाई हरली नाही. घोड्याला किती चालवावे आणि कोठे थांबवावे, हे त्यांच्याइतके त्या काळी कोणाला कळले असेल, असे वाटत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांना थांबवणारे कोणी नव्हते. शाहू महाराज पुढची कामगिरी सांगत, सावकार पुढचा हप्ता मागत आणि घरी जावे तर घरातच कलह.

आपण देशाबाहेर राहणारी माणसेही एका मजलेवरून दुसरीवर जात असतो. घराचे हप्ते, व्हिसाची मुदत, मायदेशी वाढत्या वयाचे आईवडील, पुढची बढती. छातीवर हात ठेवून तीनचारशे किलोमीटरची नोकरीची ये-जा दर आठवड्याला करणारे मित्र माझ्या ओळखीत आहेत. अल वथबाच्या थांब्यावर नाडी उतरली नाही म्हणून एखादा उमदा घोडा शर्यतीबाहेर नेला जातो, तेव्हा स्वाराचा चेहरा पडतो, पण मोतद्दार त्याची मान थोपटत त्याला सावलीत घेऊन जातो. त्या दिवसापुरती शर्यत हरलेली असते, घोडा वाचलेला असतो.

बाजीरावांची समाधी मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या काठी आहे. सुटीत इंदूर, महेश्वरकडे जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तेथे जावे. ज्या ठिकाणी तो स्वार अखेर घोड्यावरून उतरला, तेथे घटकाभर बसावे.