हेन्री बीचर

हेन्री नोल्स बीचर (४ फेब्रुवारी, १९०४ – २५ जुलै, १९७६) हे अमेरिकन भूलतज्ज्ञ, वैद्यकीय संशोधक आणि हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक होते. वेदनाशामक औषधांची परीक्षा प्रत्यक्ष रुग्णांवर काटेकोरपणे कशी घ्यावी, याची पद्धत घडवणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. प्लासिबोच्या, म्हणजे औषधी गुण नसलेल्या पण औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या द्रव्याच्या, परिणामाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. मानवी प्रयोगांतील गैरप्रकार उघड करणारा त्यांचा १९६६ सालचा लेख वैद्यकीय नीतिशास्त्राच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

बीचर यांचा जन्म अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात विचिटा शहराजवळील पेक या गावी झाला. त्यांचे मूळ नाव हॅरी उनांग्स्ट होते. तरुणपणी, १९२० च्या दशकात त्यांनी ते बदलून बीचर हे आडनाव धारण केले. कॅन्सस विद्यापीठातून १९२६ साली पदवी आणि त्यानंतर भौतिकी रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेऊन त्यांनी हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील शिक्षण १९३२ साली पूर्ण झाले. पुढे त्यांनी शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले आणि डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे नोबेल पारितोषिक विजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोह यांच्या प्रयोगशाळेत काम केले.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ऑक्टोबर, १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या साहाय्याने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले होते. त्याच रुग्णालयाच्या भूल विभागाचे प्रमुखपद १९३६ साली बीचर यांच्याकडे आले. ते शल्यचिकित्सक म्हणून घडले होते, भूलशास्त्राचे औपचारिक प्रशिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख एडवर्ड चर्चिल यांनी त्यांना या कामासाठी निवडले. १९४१ साली हार्वर्डमधील भूलशास्त्र संशोधनाच्या डॉर प्राध्यापकपदावर त्यांची नेमणूक झाली.

युद्धभूमीवरील निरीक्षणे

दुसऱ्या महायुद्धात बीचर यांनी अमेरिकन सैन्याबरोबर उत्तर आफ्रिका आणि इटली येथे काम केले. जखमी सैनिकांना त्या काळी मॉर्फिन त्वचेखाली टोचले जात असे. थंडीने गारठलेल्या आणि रक्तस्रावाने खचलेल्या सैनिकाच्या त्वचेतील रक्ताभिसरण मंदावलेले असते, त्यामुळे औषध टोचल्या जागीच साठून राहते. वेदना थांबत नाही म्हणून पुन्हा मात्रा दिली जाते. सैनिकाला ऊब मिळून रक्ताभिसरण सुधारले की साठलेले सर्व मॉर्फिन एकदम रक्तात उतरते आणि विषबाधा होते. बीचर यांनी १९४४ साली हा धोका मांडला. अशा वेळी मॉर्फिन लहान मात्रेत शिरेतून द्यावे, असे त्यांचे मत होते.

१९४६ साली त्यांनी २१५ गंभीर जखमी सैनिकांची पाहणी प्रसिद्ध केली. हाडे मोडलेले, मांसाचा मोठा भाग फाटलेले, छातीत, पोटात किंवा डोक्यात खोल जखमा झालेले सैनिक त्यात होते. ते शुद्धीवर होते आणि प्रश्नांना नीट उत्तरे देत होते. तरीही सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी वेदनाशामक नको असल्याचे सांगितले. पुढे शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांशी त्यांनी ही तुलना केली, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांनी औषध मागितल्याचे दिसले. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणावरून जिवंत सुटका असते, तर नागरी रुग्णाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया हे संकट असते. म्हणून जखमेचा आकार आणि वेदनेची तीव्रता यांचे प्रमाण ठरलेले नसते. रुग्ण त्या जखमेला कोणता अर्थ देतो यावर वेदना मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असा निष्कर्ष बीचर यांनी काढला.

वेदनाशामकांच्या चाचण्या

युद्धानंतर त्यांनी वेदना मोजण्याच्या प्रश्नाकडे मोर्चा वळवला. त्या काळात निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेवर उष्णतेचा झोत टाकून कृत्रिम वेदना निर्माण केली जाई आणि औषधाने ती किती कमी होते हे पाहिले जाई. या पद्धतीने मॉर्फिन आणि प्लासिबो यांतील फरकही माणसांमध्ये खात्रीने ओळखता येत नाही, असे बीचर यांच्या गटाला आढळले. प्रयोगशाळेतील वेदनेत भीती आणि काळजी नसते, तर आजारातील वेदनेत ती असते. म्हणून वेदनाशामकाची खरी कसोटी खऱ्या रुग्णावरच लागते, अशी त्यांची भूमिका होती.

त्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेनंतरची वेदना निवडली. रुग्णाला कोणते औषध दिले आहे हे रुग्णालाही माहीत नसे आणि वेदनेची नोंद घेणाऱ्या व्यक्तीलाही माहीत नसे. नव्या औषधाबरोबर मॉर्फिन आणि प्लासिबो हेही तुलनेसाठी वापरले जात. ठरावीक वेळाने रुग्णाला वेदना निम्म्याहून अधिक कमी झाली का, एवढेच विचारले जाई. उत्तर व्यक्तिगत असले, तरी अनेक रुग्णांची उत्तरे एकत्र केल्यावर त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करता येत असे. या कामात लुई लसान्या, जेन डेंटन, आर्थर कीट्स आणि संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर यांचा सहभाग होता.

या पद्धतीतून उपयुक्त निष्कर्ष निघाले. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची मात्रा १५ मिलिग्रॅमच्या मात्रेइतकाच आराम देते आणि तिचे दुष्परिणाम कमी असतात, असे लसान्या व बीचर यांनी १९५४ साली दाखवले. मॉर्फिनचे परिणाम उलटवण्यासाठी वापरले जाणारे नॅलॉर्फिन हे स्वतःदेखील वेदनाशामक आहे, हे त्याच वर्षी त्यांच्या चाचण्यांत आढळले. नॅलॉर्फिनच्या मानसिक दुष्परिणामांमुळे ते या कामासाठी वापरता आले नाही, पण पेंटाझोसीनसारख्या औषधांच्या शोधाला त्यातून दिशा मिळाली. या सर्व संशोधनाचा आढावा बीचर यांनी १९५९ साली ग्रंथरूपाने घेतला.

१९५५ साली बीचर यांनी प्लासिबोवरील आपला सर्वांत प्रसिद्ध लेख लिहिला. १५ अभ्यासांतील १,०८२ रुग्णांची माहिती एकत्र करून, सरासरी सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने समाधानकारक आराम मिळतो, असे त्यांनी मांडले. तुलनेसाठी प्लासिबो न वापरता केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. या आकड्यावर पुढे गंभीर आक्षेप घेण्यात आले. आजार आपोआप बरा होणे आणि वेदनेतील नैसर्गिक चढउतार यांचा परिणाम बीचर यांनी प्लासिबोच्या खात्यावर जमा केला, अशी टीका १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्परीक्षणात करण्यात आली. दुसरीकडे, प्लासिबोने मिळणारा आराम नॅलॉक्सोन या औषधाने रोखता येतो, असे १९७८ साली दातांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवरील प्रयोगात दिसले. त्यामुळे या परिणामाला शारीरिक आधार असल्याचे मत बळावले.

भूल आणि मृत्यू

बीचर आणि डोनाल्ड टॉड यांनी १९५४ साली दहा रुग्णालयांतील ५,९९,५४८ भुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण त्यात सुमारे १,५६० भुलींमागे एक असे निघाले. क्युरारेसारखी स्नायू शिथिल करणारी औषधे वापरलेल्या रुग्णांत हे प्रमाण बरेच जास्त आढळले. या निष्कर्षावर भूलतज्ज्ञांमध्ये तीव्र वाद झाला.

मानवी प्रयोग आणि नीतिमत्ता

मार्च १९६५ मध्ये मिशिगन राज्यातील एका परिषदेत बीचर यांनी मानवी प्रयोगांतील गैरप्रकारांवर भाषण केले. त्यांच्यावर अतिशयोक्तीचा आरोप झाला आणि हार्वर्डमधील सहकाऱ्यांनीही जाहीर विरोध केला. त्यांचा विस्तृत लेख एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकाने नाकारला. अखेर तो संक्षिप्त रूपात जून १९६६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२ उदाहरणे होती. परिणामकारक उपचार माहीत असूनही तो रुग्णांना न देणे, मतिमंद मुलांना काविळीच्या विषाणूची लागण करणे आणि रुग्णांना न सांगता त्यांच्या शरीरात कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचणे हे प्रकार त्यांत होते. रोख व्यक्तींवर नसून प्रचलित पद्धतीवर आहे हे स्पष्ट राहावे, म्हणून संशोधकांची नावे वगळली होती.

आपल्या प्रयोगशाळेतील पूर्वीच्या कामावरही अशी टीका होऊ शकते, हे बीचर यांनी मान्य केले होते. १९५० च्या दशकात त्यांनी अमेरिकन लष्कराच्या अर्थसाहाय्याने एलएसडीचे प्रयोग स्वयंसेवकांवर केले होते. लष्करी संशोधनाशी असलेल्या त्यांच्या या संबंधांची चर्चा त्यांच्या मृत्यूनंतर अधिक झाली. रुग्णाची संमती आवश्यक असली, तरी खरे संरक्षण सुजाण, सहृदय आणि जबाबदार संशोधकाकडूनच मिळते, असे त्यांचे मत होते. अमेरिकेने मात्र पुढे नियम आणि परीक्षण समित्यांचा मार्ग स्वीकारला. १९७४ च्या राष्ट्रीय संशोधन कायद्याने त्याला बळ दिले.

उत्तरायुष्य आणि वारसा

मेंदूमृत्यूच्या निकषांचा विचार करणाऱ्या हार्वर्डच्या समितीचे बीचर अध्यक्ष होते. तिचा अहवाल ऑगस्ट १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मेंदूमृत्यूच्या पुढील व्याख्यांचा तो प्रारंभबिंदू ठरला. १९७० साली ते निवृत्त झाले. २५ जुलै, १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्क राज्यातील हेस्टिंग्ज सेंटर ही संस्था जैवनीतिशास्त्रातील योगदानासाठी पूर्वी त्यांच्या नावाने पुरस्कार देत असे.