पवळाबाईंच्या नावाचा संकोच कशाला?

वडवणीहून ऊसतोडीला संगमनेरकडे जाणाऱ्या आमच्या टोळ्यांनी पुणे-नाशिक रस्त्यावरचा हिवरगाव पावसा येथील टोलनाका पाहिला असेल. याच हिवरगावात १८७० साली एका महार कुटुंबात पवळाबाई तबाजी भालेराव जन्मल्या. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. पण ते नाव निघाले की आमचीच माणसे मान खाली घालतात. या संकोचाबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

पवळाबाईंना खंडोबाला मुरळी म्हणून वाहिले होते, असे सांगतात. देवाला मुली कोणाच्या वाहिल्या जात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मुरळीला संसार नाही, जमीन नाही; पोट मात्र आहे. गळा आणि पाय एवढ्या भांडवलावर ही बाई फडात शिरली. तोवर तमाशात बाईचे सोंग नाच्या पोऱ्या घ्यायचा. त्याच काळात संगीत नाटकात बालगंधर्व लुगडे नेसून उभे राहिले आणि पुढे १९६४ साली पद्मभूषण झाले. पुरुष बाई झाला तर कला आणि महाराची बाई बाई म्हणूनच नाचली तर बदनामी! हा न्याय कोणत्या शास्त्रातला, ते शास्त्रवाल्यांनीच सांगावे.

रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, मुंबईत पवळाबाईंच्या जोडीला आले आणि फडाने मुंबई डोक्यावर घेतली. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांपुढे त्यांनी 'मिठाराणी'चा वग केला. बापूरावांनी महारणीसाठी ब्राह्मण्य सोडले, याचे कौतुक आजवर लिहिले जाते. त्यांनी जात सोडली हे खरेच. पण पवळाबाईंना जात सोडण्याची सोय होती काय? गर्दी ज्या नाचाला लोटत होती तो नाच त्यांचा होता, तरी इतिहासात त्या 'बापूरावांची पवळा' म्हणूनच उरल्या. पुढे दोघांचे बिनसले.

१९२७ च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या समाजाच्या बाया नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यांची भूमिका होती आणि ती रास्तच होती. परंतु आमच्यातील काहींनी तिचा अर्थ उलटा लावला. जणू त्यांनी पवळाबाईंनाच दूर लोटले! पैसे पुढे करणारा हात बापूरावांचा होता, चाळ बांधणारे पाय दुसऱ्याचे. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासींची सभा भरली. तिथे बाबासाहेब स्वतः गेले आणि हा अपमानाचा धंदा सोडा, असे त्यांनी बजावले. ज्यांना टाकायचे असते त्यांच्या सभेला कोणी जात नाही. तो धंदा सोडल्यावर खायचे काय, हा प्रश्न मात्र त्या बायांपुढे होताच आणि तो सोडवणे समाजाचे काम होते. ते किती झाले, याचा हिशेब आम्ही मांडलेला नाही.

पवळाबाई १९३९ मध्ये गेल्या, बापूराव १९४५ मध्ये. मुंबईच्या फॉकलंड रोडला पुढे पठ्ठे बापूराव मार्ग असे नाव देण्यात आले. पवळाबाईंच्या आयुष्याकडे जातीच्या अंगाने पाहणारे पुस्तक २०२२ साली आले तेही इंग्रजीत, येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक यांचे. आमच्या वाचनालयांतून ते मराठीत वाचायला मिळावे, एवढी मागणी आम्ही इथे नोंदवतो.