दगडामागचे हात : कॅथरिन एस्डेल यांचे संशोधनकार्य

लखनौच्या रेसिडेन्सीच्या आवारात १८५७ च्या वेढ्यात मृत्यू पावलेल्यांच्या कबरी आहेत. हजरतगंजमधील ख्राइस्ट चर्च हे १८६० साली उभे राहिले तेही त्याच मृतांचे स्मारक म्हणून. या वेढ्याचे पडसाद थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत पोहोचलेले दिसतात. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा आणि पुढे लखनौच्या लढाईत नाव मिळविणारा जेम्स औट्रम १८६३ साली वारला. त्याचे स्मृतिशिल्प त्या ॲबेत असून लखनौ येथील सेनापतींच्या भेटीचा प्रसंग त्यावर कोरलेला आहे. हे शिल्प मॅथ्यू नोबल याचे. औट्रमचे नाव इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकास ठाऊक असते. नोबलचे नाव मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

चर्चमधील स्मृतिशिल्पांचा हा जणू नियमच आहे. मृताचे नाव, त्याचे कुल, हुद्दा आणि सद्गुण ठळक अक्षरांत कोरलेले असतात. ज्याने त्या निर्जीव दगडाला चेहरा दिला त्याचे नाव असलेच तर चौथऱ्याच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी असते. पुष्कळदा ते नसतेच. इंग्लंडमधील अशा विस्मृत कारागिरांची नावे त्यांना परत मिळवून देण्यात ज्या विदुषीने आयुष्याची जवळजवळ तीन दशके वेचली, त्या श्रीमती कॅथरिन एस्डेल होत.

कॅथरिन यांचा जन्म १८८१ साली झाला. त्यांचे माहेरचे आडनाव मॅकडॉवल. ऑक्सफर्ड येथील लेडी मार्गारेट हॉल या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी ग्रीक व लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास केला. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना परीक्षेस बसण्याची मुभा होती, परंतु पदवी मिळत नसे. तो अधिकार त्यांना १९२० साली प्राप्त झाला. १९०७ साली त्यांचा विवाह अरुंडेल एस्डेल यांच्याशी झाला. अरुंडेल हे ब्रिटिश म्युझियमच्या सेवेत होते आणि १९२६ ते १९४० या काळात ते त्या संस्थेचे सचिव होते. कॅथरिन यांचे आरंभीचे लेखन प्राचीन ग्रीक व रोमन शिल्पाविषयी आहे. अवशेषांवरून कर्त्याचा माग कसा काढावा, मुद्रेची ठेवण आणि वस्त्रांच्या चुण्या यांची तुलना कशी करावी, याची शिस्त त्यांना याच अभ्यासातून लाभली. पुढे ती शिस्त त्यांनी आपल्याच देशातील, परंतु सर्वांनी दुर्लक्षिलेल्या शिल्पाकडे वळविली.

या दुर्लक्षास कारणे होती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमधील चर्चमधून संतांच्या मूर्ती हद्दपार झाल्या, अनेक फोडल्या गेल्या. मूर्तिकाराला उपजीविकेचे एक मोठे क्षेत्र तेवढे उरले, ते म्हणजे मृतांची स्मारके. त्यामुळे पुढील तीन शतकांतील इंग्रजी शिल्पकलेचा फार मोठा भाग कलादालनात नसून खेडोपाडीच्या चर्चमध्ये विखुरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा ही शिल्पे पवित्र वास्तूस न शोभणारी म्हणून तुच्छ ठरली. काही कोपऱ्यात हलविली गेली, काही मोडली गेली. अठराव्या शतकापूर्वी इंग्लंडला स्वतःची म्हणावी अशी शिल्पपरंपरा नव्हती, जे चांगले ते परदेशी कलावंतांचे, असा समज रूढ झाला. शिल्पकारांची नावेच ज्ञात नसल्यामुळे त्या समजाला उत्तर देणेही शक्य नव्हते.

श्रीमती एस्डेल यांनी ते उत्तर पुराव्यानिशी देण्याचे ठरविले. १९२१ पासून ‘द आर्किटेक्ट’ या नियतकालिकात त्यांनी इंग्रज शिल्पकारांवर लेखमाला लिहिली. १९२७ साली प्रबोधनकालानंतरच्या इंग्रजी स्मारकशिल्पावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९२८ साली लुई फ्रांस्वा रूबिलियाक या शिल्पकाराचे त्यांनी लिहिलेले विस्तृत चरित्र. फ्रान्समधील लियाँ येथे जन्मलेला रूबिलियाक लंडनमध्ये स्थायिक झाला आणि १७६२ साली तेथेच वारला. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील न्यूटनचा पुतळा त्याचाच. वेस्टमिन्स्टर ॲबेतील नाइटिंगेल दांपत्याच्या स्मारकात त्याने मृत्यूला सांगाड्याच्या रूपाने तळघराच्या दारातून बाहेर येताना दाखविले आहे. त्याने भाला रोखला आहे आणि पती हात पुढे करून पत्नीला वाचवू पाहत आहे. अशा शिल्पाला केवळ नाटकी म्हणून बाजूस सारणे किती अन्यायाचे आहे, हे या चरित्राने इंग्रज वाचकांच्या ध्यानात आणून दिले.

मात्र एस्डेल यांचे विशेष कार्य मोठ्या नावांपेक्षा लहान नावांसाठी झाले. एपिफेनियस ईव्हशम हा सतराव्या शतकाच्या आरंभीचा शिल्पकार. केंट परगण्यातील लिनस्टेड येथे टेनहॅम घराण्याच्या स्मारकावर त्याने शोक करणारी मुले अशा जिव्हाळ्याने कोरली आहेत की ती पाहताना मृत उमरावापेक्षा पोरकी झालेली लेकरेच मनात राहतात. ईव्हशमचे नाव विस्मृतीतून बाहेर काढण्याचे श्रेय मुख्यतः एस्डेल यांच्याकडे जाते. लंडनच्या होबर्न भागातील स्टँटन हे पाथरवटांचे घराणे. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या त्यांच्या कारखान्याचा इतिहासही एस्डेल यांनी जुळविला. कला ही एकट्या प्रतिभावंताची नसून घराण्याची, कारखान्याची आणि शागिर्दांचीही असते, ही दृष्टी त्यामागे होती.

त्यांच्या कार्यपद्धतीत पायपिटीला मोठे स्थान होते. चर्चमध्ये जाऊन शिल्पाची प्रत्येक कड तपासावी, कोरलेली सही शोधावी, मग मृत्युपत्रे, हिशेबवह्या व घराण्यांची दप्तरे यांच्याशी ती ताडून पाहावी, असा हा क्रम होता. जॉर्ज व्हर्ट्यू या अठराव्या शतकातील कोरीवकाराने आपल्या काळातील कलावंतांविषयी लिहून ठेवलेली टिपणे ब्रिटिश म्युझियममध्ये होती. वॉलपोल सोसायटीने १९३० पासून ती छापण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांच्या संपादनात एस्डेल यांचाही वाटा होता. मराठी वाचकास येथे इतिहासाचार्य राजवाडे यांची आठवण व्हावी. दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडणारे राजवाडे आणि सहीच्या शोधात चर्चमागून चर्च पालथे घालणाऱ्या एस्डेल, दोघांचीही श्रद्धा एकच होती : साधने आधी गोळा करावीत, सिद्धांत मागाहून मांडावेत.

राजवाड्यांप्रमाणेच एस्डेल यांचेही काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. सही वा कागदपत्र नसेल तेथे केवळ शैलीवरून एखादे शिल्प अमुक एकाचे असे त्या कधी कधी घाईने ठरवीत. नंतरच्या अभ्यासकांना त्यांतील पुष्कळ श्रेयनिर्देश बदलावे लागले. हा दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु जेथे एकही नाव नव्हते तेथे त्यांनी चर्चेसाठी नाव ठेवले. ते खोडून काढण्यासाठी का होईना, इतरांना त्या शिल्पापर्यंत जावे लागले, हेही विसरता येत नाही.

त्यांच्या नोंदींचे मोल काळानेही सिद्ध केले. लंडनच्या टेम्पल चर्चमधील स्मारकांवर त्यांनी १९३३ साली पुस्तक लिहिले. १० मे १९४१ च्या रात्री बाँबवर्षावाने लागलेल्या आगीत त्या चर्चची भीषण हानी झाली. जे पुस्तक वर्णन म्हणून लिहिले गेले, ते आता हानीपूर्व स्थितीचा पुरावा ठरले. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, १५१० ते १८४० या कालखंडातील इंग्लंडच्या चर्चमधील स्मारकांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी, १९५० साली, त्यांचे निधन झाले.

संशोधकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांचे काय होते, यावर त्याच्या श्रमाचे भवितव्य अवलंबून असते. एस्डेल यांच्याबाबतीत ते व्यर्थ गेले नाही. रूपर्ट गनिस यांनी १९५३ साली १६६० ते १८५१ या काळातील ब्रिटिश शिल्पकारांचा जो चरित्रकोश सिद्ध केला, त्याला एस्डेल यांच्या शोधांचा मोठा आधार होता. २००९ साली त्या कोशाची नवी, बरीच विस्तारलेली आवृत्ती निघाली. एस्डेल यांचे कागदपत्र कॅलिफोर्नियातील सॅन मरीनो येथील हंटिंग्टन ग्रंथालयात जतन केलेले आहेत. राजवाड्यांच्या मागे धुळ्याला १९२७ साली संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा संग्रह टिकला, तसेच हे. इंग्लंडच्या खेड्यांतील दगडांची कहाणी महासागरापलीकडे सुरक्षित राहावी, हा मात्र दैवाचा वेगळाच न्याय.

भारतातील स्मृतिशिल्पांनाही ही दृष्टी लावता येण्याजोगी आहे. तंजावरच्या चर्चमध्ये श्वार्ट्झ या मिशनऱ्याचे स्मारक आहे. आपल्या गुरूच्या मृत्युशय्येशेजारी उभे असलेले सरफोजी महाराज त्यावर दिसतात. हे स्मारक त्या मराठी राजानेच जॉन फ्लॅक्समन याच्याकडून करवून घेतले. येथे मृत, शोक करणारा आणि घडविणारा, तिघांचीही नावे सुदैवाने आपल्याला ठाऊक आहेत. लखनौपासून मुंबईपर्यंत चर्चच्या भिंतींवरील शिळा वाचताना मृताच्या नावाखाली कोपऱ्यातली बारीक अक्षरेही वाचावीत, हाच कॅथरिन एस्डेल यांच्या आयुष्याचा बोध आहे. मृताचे स्मरण ठेवण्याची व्यवस्था त्याचे आप्त करतात. घडविणाऱ्याचे स्मरण इतिहासकारालाच ठेवावे लागते.