मौलाना आझाद यांचा पहाटेचा चहा

सहरीला घेतलेला चहाचा कप रोजेदाराला इफ्तारपर्यंत पुरवायचा असतो. पहाटेच्या अशाच चहावर उर्दूत अगदी जीव लावून लिहिले ते मौलाना अबुल कलाम आझाद यांनी, आणि तेही आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना.

मौलानांचा जन्म 1888 साली मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे आलिम, आई अरब. पुढे कुटुंब कलकत्त्यात आले. 1912 मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ साप्ताहिक काढले. कुरआनचे भाष्यकार म्हणून त्यांचे नाव झाले, तसेच राजकारणातही. ‘भारत छोडो’ ठरावाच्या वेळी तेच काँग्रेसचे अध्यक्ष होते. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत अटक झाली आणि नेहरू, सरदार पटेल, शंकरराव देव आदी सहकाऱ्यांसह त्यांना अहमदनगरला आणण्यात आले.

लवकर उठण्याची सवय वडिलांनी लावलेली. किल्ल्यातही पहाटे तीन-चारच्या सुमारास ते उठत. बाकीचे झोपलेले असताना स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लिहायला बसत. अलीगढकडील स्नेही नवाब सदर यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना ते पत्रे लिहीत. कैदेतून ती पाठवता येत नव्हती, तरी लिहिणे थांबले नाही. 1946 मध्ये ती ‘गुबारे-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली.

मौलानांचा चहा म्हणजे चमेलीचा वास असलेला चिनी चहा, व्हाइट जास्मिन. त्यात दूध नाही. कडक चहाचा एक छोटा घोट, मग सिगारेटचा एक झुरका, असा त्यांचा क्रम चाले. चहाची पाने चीनने जगाला दिली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आसामात मळे लावले आणि चहात दूध घालण्याची रीतही आणली. आपण त्यात भरपूर दूध-साखर ओतून तो उकळू लागलो. मौलानांच्या लेखी असा चहा म्हणजे पातळ हलवाच! आपल्या टपरीवरच्या कटिंगबद्दल त्यांनी काय म्हटले असते, याची कल्पना केलेली बरी.

या शौकाची दुसरी बाजू रमजानात कळते. चहा-कॉफीतल्या कॅफिनची शरीराला सवय होते. शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत तलफ असलेल्याचे डोके धरते, चिडचिड होते. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणून रमजानच्या आधीपासूनच कप कमी करत आणणे शहाणपणाचे.

कैदेत मौलानांच्या संयमाची खरी कसोटी मात्र वेगळीच लागली. 1943 च्या मार्चमध्ये पत्नी जुलेखा बेगम अत्यवस्थ असल्याचे कळले. तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले की, भेटीसाठी सरकारला विनंती करायची असेल तर ती पोहोचवता येईल. ज्या सरकारशी लढत होते त्याच्यापुढे हात पसरायला मौलाना तयार झाले नाहीत. दिनक्रम त्यांनी मोडू दिला नाही. बातमी घेऊन येणाऱ्याची पावले वाजली की काळीज धडधडे, पण ते घाईने उठत नसत. जेवणाच्या मेजावरही वेळेवर हजर राहत, घास मात्र उतरत नसे. 9 एप्रिलला पत्नीचा इंतकाल झाला. दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी मान्य केले की, बाहेरून दिसणारी ती शांतता मोठ्या कष्टाने सांभाळलेली होती. आत सारे हलून गेले होते.

जून 1945 मध्ये सुटका झाली. कलकत्त्यात स्वागताला गर्दी होती, गाडी हारांनी भरली होती. तीन वर्षांपूर्वी पत्नीने दारापर्यंत येऊन निरोप दिला होता. मौलानांनी घराआधी गाडी कब्रस्तानाकडे वळवायला सांगितली, त्यातलाच एक हार कबरीवर ठेवला आणि फातिहा पढली. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. 22 फेब्रुवारी 1958 रोजी ते गेले.

सब्र करणाऱ्यालाही दुःख होते, हे त्यांनी लपवले नाही. रोजेदारालाही तहान लागते, डोके ठणकते, तरी तो कपाला हात लावत नाही. सहरी आटोपल्यावर थोडा निवांतपणा मिळाला, तर यंदा ‘गुबारे-खातिर’ची चार पाने जरूर वाचावीत. ती त्याच वेळेला लिहिलेली आहेत.